त्याले काय येत होतं?

कुणी गेल्याची बातमी आली की लोक विचारतात, कधी गेले, कशानं गेले, वय काय होतं. आमचे घरमालक विचारायचे, "त्याले काय येत होतं?"

अमरावतीला राजापेठेत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. अकोल्याहून बदली होऊन आले होते. खोली बघायला गेले तर त्यांनी भाडं सांगितलं नाही की पाण्याची वेळ सांगितली नाही. खुर्चीत बसून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले काय येते?" मी म्हटलं, एमएस्सी बीएड आहे, शाळेत विज्ञान शिकवते. "ते शिकली तू. येते काय?" मला खरोखर काही सुचेना. शेवटी म्हटलं, पोळ्या येत नाहीत. आतून काकूंचं हसू ऐकू आलं. "द्या ना बाप्पा तिले खोली, खरं बोलून राहिली पोरगी," त्या म्हणाल्या. अशी मला खोली मिळाली.

काका भूकरमापक होते. सरकारी नोकरीची सगळी वर्षं अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली शेतं मोजण्यात गेली. गावोगावचे लोक त्यांना मोजणीवाले म्हणूनच ओळखायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंगातली मोजणी काही निवृत्त झाली नव्हती. माझी स्कूटी शेजाऱ्याच्या हद्दीत चार बोटं जाते म्हणून रोज सकाळी ते स्वतः ती सरकवून ठेवायचे आणि वर शेजाऱ्याला सांगूनही यायचे, "काल रातभर तुमच्याइकडं होती, माफ करा." भाजीवाला जवळच आहे असं काकू म्हणाल्या की हे म्हणणार, "दोनशे बारा पावलं हाये. जवळ काय असते?" विशेषण म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आमच्या मुख्याध्यापिका फार चांगल्या आहेत, असं मी एकदा बोलून गेले. संध्याकाळभर माझी उलटतपासणी झाली. चांगल्या म्हणजे काय करतात? कुणाला केलं? तुझ्यासमोर केलं का ऐकलं? रात्री जेवताना मला आमच्या बाईंबद्दल जरा शंकाच वाटायला लागली.

त्यांच्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी होती. तिच्यात मोजणीच्या जुन्या फॉर्मांची चळत होती, आणि प्रत्येक फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर एकेक माणूस लिहिलेला होता. गावचं नाव वर. मग त्या माणसाला काय येत होतं ते. मग ते कुणी पाहिलं. आणि सगळ्यात शेवटी त्याचं नाव. नाव शेवटी का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव पहिले आलं का लोक जात पायतात, घर पायतात, मंग कानच बंद करतात. पहिले काम ऐकू द्या."

हे वेड लागलं कसं तेही त्यांनी मला सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते दर्यापूरकडे होते. तो सगळा खाऱ्या पाण्याचा पट्टा. तिथे एक विहीर खोदणारा म्हातारा मजूर होता. खड्ड्यातली माती जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा, अजून दोन हात खोदा, त्याच्या खाली जाऊ नका, खारं लागेल. चार-पाच गावं त्याच्या जिभेवर पाणी प्यायची. तो गेला तेव्हा काका त्याच गावात मोजणीला होते, म्हणून मसणात गेले. आमच्याकडे चितेला अग्नी दिल्यावर लोक तिथेच बसतात आणि दोन-चार जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. त्या दिवशी एक पुढारी उठले आणि मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना धरून चालणारा असं दहा मिनिटं बोलले. पाण्याचा शब्द निघाला नाही. "ते भाषण कोणावरही बसलं असतं," काका मला म्हणाले, "मी उठाले पाह्यजे होतो. मले मालूम होतं. नवीन नोकरी होती, भेलो." इतक्या वर्षांनीही त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

तेव्हापासून ते उठायला लागले. ओळख असो नसो, कागद असला की जायचे. गुडघे गेल्यावर स्कूटीवर मागे बसून जायचे आणि स्कूटी अर्थातच माझी. मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली थांबायची. शाळेत पोरी विचारायच्या, मॅडम, काल तुम्हाला मोक्षधामजवळ पाहिलं, कोण गेलं? मी काय सांगणार, मला कुठे माहीत असायचं.

परतवाड्याच्या शिंप्याचं मात्र मी स्वतः ऐकलं आहे. पोलिओनं पाय गेलेल्या पोरांसाठी तो सायकलच्या मडगार्डच्या पट्ट्या आणि जुन्या जीनचं कापड घेऊन पायाला बांधायचे पट्टे शिवायचा. दर सहा महिन्यांनी पोरगं वाढलं की पट्टा उसवून लांब करून द्यायचा. काकांनी हे सगळं मापांसकट वाचलं. वाचून होईपर्यंत मागच्या बाजूला दोन माणसं काठीच्या आधारानं उभी राहिली होती. मी फाटकाबाहेर उभी राहून रडले.

आता अकोल्याचं सांगते, म्हणजे माझी किती ओढाताण झाली ते कळेल. माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, वारले. बाजार समितीत कारकून होते. दुःखाच्या भरात मीच काकांना म्हटलं की तेरवीला तुम्ही बोला. ते आदल्या दिवशीच अकोल्याला गेले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. दुसऱ्या दिवशी सगळी नातेवाईक मंडळी बसलेली असताना उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी लय शोधलं. मले काई सापडलं नाई." आणि खाली बसले. माझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मोठीआईनं तर माझं नाव टाकलं.

दोन महिन्यांनी हा माणूस भर उन्हात, मला न सांगता, एसटीनं एकटा अकोल्याला मोठीआईच्या दारात. म्हणाला, सापडलं. बस स्टँडवरच्या पानठेल्यावर सापडलं होतं. मोठेबाबा रोज संध्याकाळी स्टँडवर उभे राहायचे आणि गाडी आत शिरली की पाटी न पाहता, चाकांना आणि पत्र्याला लागलेल्या मातीवरून, ती कुठल्या वाटेनं आली ते सांगायचे. ड्रायव्हर लोक पैज लावायचे आणि हरायचे. मोठीआईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यासाठी जाये काय तो माणूस रोज? मले वाटे दारू पेवाले जाते." चाळीस वर्षांचा संशय त्या दुपारी फिटला. काकांना तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि माझंही नाव परत घेतलं.

काकूंचा या सगळ्याला एकच आक्षेप होता. काका हे कागद माणूस गेल्याशिवाय पेटीतून काढत नसत. जिवंत माणसाला त्याच्याबद्दल अवाक्षर सांगत नसत. "उभ्या पिकात मोजणी होत नसते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. काकू म्हणायच्या, "तुमचं बेस हाये. मंग ज्याचं पीक होतं त्याले काय भेटलं? ह्यायले मेल्यावरच माणूस दिसते." काका पेपर वर करून तोंड झाकून घ्यायचे. पण मी तिथे होते त्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी हा नियम मोडला. पेटीतले जिवंत लोक शोधून ते त्यांच्या घरी जाऊन वाचायला लागले. असं झालं ते शेंदूरजनाघाटच्या एका चुकीमुळे, आणि ती चूक काकांची स्वतःची होती.

तो रविवार होता. काकूंच्या मोबाइलवर वरुडच्या एका जुन्या ओळखीच्या माणसानं संदेश पुढे पाठवला होता. शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या नर्सरीवाल्यांच्या नातवानं लिहिलं होतं, आमची लाडकी आजी आम्हाला सोडून गेली. खाली फोटो. फोटोत कुठल्याशा लग्नात सारख्याच जांभळ्या लुगड्यांत शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोन म्हाताऱ्या जावा. काकांनी फोटो पाहिला आणि उठून पेटी ओढली. "धाकली गेली," म्हणाले. हातात कागद घेऊन ते पलंगावर इतका वेळ बसून राहिले की काकूंनीच मला हाक मारली. "तू जाय व त्यायच्या संग. येकटे नाई जाऊ द्याच्या."

वरुडच्या बसमध्ये त्यांनी मला सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्या दोन भावांच्या वाटणीची मोजणी त्यांनी केली होती. शेतात संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, आत संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा, वरून पट्टी बांधायची. तेव्हा सगळे डोळा अगदी जमिनीलगत बांधायचे. आणि आमच्या काळ्या मातीत पाणी साचलं की डोळ्याच्या जागी खोड सडायचं, डिंक गळायचा, झाड जायचं. त्या नर्सरीत मात्र एक ओळ अशी होती जिचे डोळे वीतभर वर होते आणि एकही झाड सडलेलं नव्हतं. ती ओळ धाकट्या भावाच्या बायकोनं बांधलेली, कुण्या साहेबानं सांगायच्या कितीतरी आधी. ती स्वतः दिरासमोर बोलायची नाही. कामावरच्या बायांना विचारून काकांनी कागद लिहिला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. उंच डोळ्याची कलमं म्हणून मोठ्या भावाचं नाव झालं. शाल, नारळ, फोटो. तो गेला आता, पोरगा चालवते नर्सरी. पाटीवर बापाचंच नाव हाये." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या बाईचं नाव त्या गावात कोणी घेतलं नाई. आज घेऊन येतो."

बस वाटेत बंद पडली. आम्ही पोहोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. ऑटोवाल्याला विचारलं, तो म्हणाला, हो, नर्सरीवाल्यांचीच म्हातारी. काका आत गेले, मी नेहमीसारखी फाटकाशी थांबले. दोघे जण प्रेमळ, मनमिळाऊ बोलून बसले आणि काका उठले. कागद उघडला. जमिनीलगतचा डोळा, सडणारं खोड, वीतभर उंचीची पहिली ओळ, सगळं त्यांनी सावकाश वाचलं. मला फाटकातून माणसांच्या पाठी दिसत होत्या. त्या पाठी हळूहळू वळायला लागल्या, एकमेकांकडे बघायला लागल्या. गेलेल्या बाईनं आयुष्यात एक डोळा बांधला नव्हता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण चितेसमोर बोलणाऱ्याला कोणी अडवत नाही. आणि मग काकांनी शेवटी नाव वाचलं. "गिरजाबाई."

पहिल्या रांगेतला, ओल्या धोतरातला मुलगा उठला. पन्नाशीचा असेल. "काका," तो अगदी हळू म्हणाला, "गिरजाकाकू घरी हाये. आमची माय गेली."

मला वाटलं जमीन फाटावी. काकांनी कागद खाली केला आणि हात जोडले. "चुकलो," म्हणाले. "फोटोत दोघी होत्या. मले एकच दिसली." मग कागदावर बोट ठेवून, "पण वाचलं ते खरं हाये." आणि तिथेच, मातीवर, बसले. मुलानंच त्यांना धरून उठवलं.

मला तिथूनच परत फिरायचं होतं. काका ऐकेनात. ज्यांच्याकडे चूक झाली त्यांच्या घरी न जाता कसं जायचं? दारात कडुनिंबाचा पाला चावून आम्ही ओसरीवर गेलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बायांच्या मधे भिंतीला टेकून गिरजाबाई बसलेल्या. लहानखुऱ्या, रडून डोळे सुजलेले.

"मोजणीवाले ना तुमी?" त्या म्हणाल्या. "काय वाचलं म्हणे माह्यावर? वाचा."

"मी जित्या माणसापुढं वाचत नाई, बाई."

"साऱ्या गावानं आयकलं. मी येकटीच राहिली."

काकांनी कागद पुन्हा उघडला. त्यांनी वाचलं. गिरजाबाईंनी मान खाली घालून ऐकलं आणि मधेच हात वर केला. "हे खोटं हाये."

काकांच्या कागदाला कुणी खोटं म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"डिंक पाहून वर बांधला असं कोण सांगतलं तुमाले? मले आठवा महिना होता. वाकताच येत नोतं. सासू म्हणे काम तर कराच लागन. मंग पाटावर बसल्या बसल्या जेथी हात पुरला तेथी बांधले डोळे. बाया हासत होत्या. तीन सालानं पायतो तं माहीच ओळ उभी. मंग म्या इचार केला, का काहून उभी हाये. मंग समजलं." मग हाताची बोटं दाखवत म्हणाल्या, "आन् वीतभर नाई. वीत आन् चार बोटं."

काकांनी खिशातून पेन काढलं. वीतभर खोडलं, वर दुरुस्ती केली, बाजूला स्वतःची सही केली. त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. इतकी वर्षं पेटीत जपलेला कागद चुकीचा निघाला होता आणि तो सुधारणारं माणूस समोर बसलं होतं. मग ते मुलाकडे वळले. मोजणी झाली की शेजारच्या शेताच्या मालकाची सही घेतात, त्याला हद्द मान्य आहे म्हणून. त्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. "तुमी इच्या लगतचे," काका म्हणाले. "तुमाले मान्य असन तं सही करा. नसन तं मी कागद फाडतो."

समोरच्या भिंतीवर वडलांचा शाल घेतलेला मोठा फोटो होता. मुलगा त्या फोटोकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. आताच आईला अग्नी देऊन आलेल्या माणसाकडे हे मागणं मला क्रूरपणाचं वाटलं आणि काकांचा रागही आला.

"सही राहू द्या," गिरजाबाईच म्हणाल्या. "माहं झालं. तुमी आज कोणाच्या मसणात आले होते? मोठीच्या. तिच्यावर कोणी बोललं काय? पहिले तिचं लिहा."

काका ओशाळले. कोरा कागद त्यांच्याकडे नव्हता. नातवानं आपल्या वहीतलं पान फाडून दिलं. काकांनी पानावर गावाचं नाव लिहिलं आणि विचारलं, "काय येत होतं त्यायले?"

"खोटं बोलता येत होतं," गिरजाबाई म्हणाल्या.

बायांमध्ये कुजबुज झाली. मुलानं मान वर केली.

"सासूनं माही उंच डोळ्याची ओळ पाह्यली आन् मोठीले सांगतलं, उपटून टाक सारी, रोपं वाया घातली इनं. मी बाळंतिणीच्या खोलीत. मोठीनं माही ओळ नाई उपटली. तिनं बाजूची, तिच्या नवऱ्यानं बांधलेली ओळ उपटली आन् सासूले सांगतलं, उपटली. सासू गेली तरी कोणाले बोलली नाई, मले कामावरच्या बायायनं सांगतलं. नवऱ्याचं नाव झालं, शाली भेटल्या, तेव्हाही मले काही बोलली नाई. सत्काराच्या दिवशी सैपाकघरात येऊन माह्या बाजूले बसली फक्त. बाहीर गेली नाई. दिवसभर माह्याजवळ बसून राहिली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ती नसती तं माह्या ओळीले कोण पाहत होतं?"

काका लिहीत होते. शब्दाला शब्द, एक विशेषण न घालता. पान भरलं तेव्हा त्यांनी शेवटी नावासाठी जागा सोडली आणि मुलाकडे बघितलं. "सुमन," तो म्हणाला. त्यानं स्वतःच पेन मागून घेतलं. आईच्या कागदावर सही केली. मग दुसरा कागद पुढे ओढला, तो सबंध वाचला आणि गिरजाकाकूच्या नावाखाली, सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

पेन परत देताना तो गिरजाकाकूकडे वळला. "काकू, बाबाले मालूम होतं काय? पहिली ओळ कोणाची होती ते?"

काकांनी पेन हातात घेतलं आणि लिहायच्या तयारीत तेही गिरजाबाईंकडे बघायला लागले. मी काकांच्या दंडाला हात लावला, थांबा म्हणून.

गिरजाबाईंनी पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आज नोको इचारू, बापू," त्या म्हणाल्या. "आज तुह्या मायचा दिवस हाये."

काकांनी पेनाला टोपण लावलं.